क्लिअरिंगमधला धनादेश

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मी काही अभ्यासक नाही आणि प्रवचनकारही नाही. बँकेत ३४ वर्षं कारकुनी केली, निवृत्त झालो आणि कोलशेतला मुलाकडे राहायला आलो. अंकासाठी काहीतरी लिहा असा आपल्या मंडळाचा आग्रह झाला तेव्हा गेल्या वर्षभर मनात घोळत असलेला एक प्रश्नच लिहून काढावा असं ठरवलं. धीर धरणं म्हणजे नेमकं काय करणं? की काहीच न करणं?

प्रश्न पडायला कारण झालं माझं हृदय.

मोकळ्या वेळात मी एकदा हिशेब मांडला होता. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाचे १,०३,६८० होतात. पासष्ट वर्षांचे धरा, २४६ कोटींच्या आसपास जातात. एवढ्या नोंदी, आणि एकाही दिवसाची बँक हॉलिडे नाही! आपण मात्र त्याची दखल घेतो ती नोंद चुकल्यावर. माझी चुकायला लागली दोन वर्षांपूर्वी. जिना चढताना नव्हे, चांगलं आरामखुर्चीत पेपर वाचत असताना. छातीत एखादा पक्षी कोंडला गेलाय आणि फडफडतोय असं वाटायचं. नाडी धरली तर तिला ना ताल ना मेळ. दोन ठोके जवळजवळ, मग मोठी खोट, मग तीन धावत.

डॉक्टरांनी आलेख काढून नाव सांगितलं, एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाला वरचे दोन आणि खालचे दोन असे चार कप्पे. उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटी जागा आहे, तिथून विजेचा इशारा सुटतो आणि सगळं हृदय त्याच्या तालावर चालतं. माझ्या आजारात वरच्या कप्प्यांत भलतीकडूनच इशारे सुटतात, मिनिटाला तीनशेच्याही वर. मग ते कप्पे आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. भजनात टाळकरी, पखवाजवाला, पेटीवाला आपापल्या मनाने वाजवू लागले तर काय होईल, तसं. त्यातला मोठा धोका म्हणजे थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी.

हे भलते इशारे येतात कुठून, याचा शोध फार जुना नाही. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात डॉ. हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिलं की, फुप्फुसांकडून हृदयात रक्त आणणाऱ्या नीलांच्या तोंडाशीच बहुतेक वेळा ही ठिणगी पडते. त्यावरून पुढे उपाय निघाला तो ॲब्लेशनचा. जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेतात आणि त्या नीलांच्या तोंडाभोवती उष्णतेने किंवा अतिथंड करून डागण्यांची एक वेस घालतात. वेशीबाहेर किती का गोंधळ होईना, तो आत पोचत नाही. छाती उघडावी लागत नाही. कार्तिकात तुळशीची लग्नं लागत होती त्या दिवसांत माझं हे झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी! मला वाटलं, सुटलो.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “काम झालंय, पण निकाल तीन महिन्यांनी. मधल्या काळात धडधड परत आली तरी लगेच फसलं म्हणायचं नाही. डागलेली जागा सुजलेली असते, ती भरून येईपर्यंत हृदय चिडचिड करतं.” हल्ली काही तज्ज्ञ हा काळ दोन महिन्यांचा धरतात, आमच्या डॉक्टरांनी तीन सांगितला.

मला हे लगेच समजलं, कारण आमच्या धंद्यातलीच गोष्ट. खातेदार परगावचा धनादेश भरायचा आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर यायचा, “पैसे द्या.” मी सांगायचो, “काका, धनादेश क्लिअरिंगमध्ये आहे.” “पण मी भरलाय ना?” “भरलाय. पावतीही दिलीय. पण वटल्याशिवाय काढता येत नाही.” शेकडो लोकांना हे समजावलं असेल आणि मनातून हसलोही असेन, काय हा उतावीळपणा! आता मीच काउंटरच्या पलीकडे उभा होतो.

पहिले आठ-दहा दिवस बरे गेले. मुलाने नाडी दाखवणारं घड्याळ आणून दिलं होतं. ते मनगटावर आलं आणि माझी शांती गेली. जेवताना बघ, आंघोळीनंतर बघ, रात्री जाग आली की उशीखालून काढून बघ. पासबुक भरलं की परत पाच मिनिटांनी रांगेत उभा राहणारा एक खातेदार आमच्या शाखेत होता, त्याची आठवण व्हायची. आकडा ८० वरून ८६ झाला की घाम, घाम आला की आकडा ९५. शिवाय स्वभाव तिरसट झाला. चहा कोमट का, पंखा कोणी वाढवला, गोळ्यांचा डबा इथून कोणी हलवला. घरात सगळे चवड्यांवर चालत होते.

आणि डोळे लागले होते दत्तजयंतीकडे. ठाण्याला आल्यापासून जयंतीच्या पालखीला माझा खांदा चुकला नव्हता. उजव्या दांडीला मागची जागा माझी. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास घरी आलो, मार्गशीर्ष पौर्णिमेला जयंती, म्हणजे बरोबर महिना. जमेल, असा मी मनाशीच ठराव पास करून टाकला होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

सप्ताह बसला. मी घरी गुरुचरित्राला बसलो. पहिल्याच दिवशी संध्याकाळी फडफड सुरू झाली.

डॉक्टरांनी एक वही ठेवायला सांगितली होती. सकाळ-संध्याकाळ नाडी मोजायची, नियमित की अनियमित ते लिहायचं. त्या संध्याकाळी नाडी होती १२० च्या वर आणि साफ बेताल. मी वहीत लिहिलं, “७६, नियमित.” सौ.ने विचारलं, “बरं वाटतंय ना?” म्हटलं, “ठणठणीत.” दुसऱ्या दिवशीही तेच, सकाळी ७४, संध्याकाळी ७८. थोडा फरकही ठेवला, खरं वाटावं म्हणून.

वाचकहो, बँकेत इतकी वर्षं काढली. संध्याकाळी रोकड जुळेना म्हणून रात्री नऊ-नऊपर्यंत एका रुपयाचा फरक शोधत बसलोय. खिशातला रुपया टाकून मोकळे व्हा असं सांगणारे सहकारी होते, पण ते कधी केलं नाही. एक खोटी नोंद माझ्या हातून झाली नाही याचा मला अभिमान होता. आणि ती पहिली खोटी नोंद मी केली कुठे, तर माझ्याच वहीत, समोर दत्तगुरूंची तसबीर, पोथी उघडी. कशासाठी? पालखीला खांदा देण्यासाठी! देवाच्या सेवेसाठी देवासमोर खोटं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सौ.ने वही उचलली, चष्मा लावून वाचली आणि शांतपणे म्हणाली, “अक्षर छान काढलंय. पण रात्री तुम्ही तीन वेळा उठून बसलात.” एवढंच. वही जागेवर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी पोथीसमोर बसलो खरा, पण वाचन पुढे सरकेना. मन मागे, पहिल्या दिवशीच्या दुसऱ्या अध्यायाकडे जाऊ लागलं. दीपकाची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. वेदधर्म गुरूंना उरलेलं प्रारब्ध भोगून संपवायचं होतं. त्यासाठी काशीला जाऊन कुष्ठ आणि अंधत्व घेऊन ते २१ वर्षं राहिले. दीपक म्हणाला, तुमचा भोग मी घेतो. गुरू म्हणाले, ज्याचा त्याने भोगावा, तू सेवा कर. ती सेवा सोपी नव्हती. गुरू चिडायचे, आणलेलं अन्न टाकून द्यायचे, घालूनपाडून बोलायचे. दीपक ढळला नाही. खुद्द देव वर द्यायला आले तरी गुरूंना विचारल्याशिवाय त्याने काही मागितलं नाही.

इतकी वर्षं ही कथा वाचताना मी स्वतःला दीपकाच्या जागी ठेवत आलो. आपण सगळेच ठेवतो. त्या सकाळी पहिल्यांदा लक्षात आलं की, माझ्या घरात दीपक मी नाहीच. दीपक ती, जी आत पोळ्या करत होती, जी महिनाभर माझ्या श्वासावर कान ठेवून झोपत होती. मी होतो खाटेवरचा रोगी, चिडणारा, ताट सरकवणारा. फरक एवढाच की वेदधर्मांनी भोग जाणूनबुजून घेतला होता आणि शिष्याची परीक्षा पाहत होते. माझ्याकडे ना ते ज्ञान, ना तो अधिकार. होती फक्त चिडचिड.

मग कळलं की आजारपणात धीर हा एकट्याच्या मालकीचा नसतो, ते जॉइंट खातं असतं. रोग्याने उधळला तर घरच्यांच्या शिलकीतून वळता होतो.

बँकेत चुकीची नोंद खोडरबराने पुसत नाहीत. तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, मूळ आकडा वाचता आला पाहिजे, वर खरा आकडा लिहायचा आणि सही करायची. मी वही घेतली, सगळ्या खोट्या नोंदींवर रेघ मारली, आठवत होतं ते खरं लिहिलं, बाजूला सही केली आणि स्वयंपाकघरात नेऊन दाखवली. ती काही बोलली नाही. कणकेचा हात पुसला आणि डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर रागावले ते धडधडीवर नव्हे, लपवण्यावर. लगेच बोलावलं, आलेख काढला, गोळीचं प्रमाण बदललं. म्हणाले, “हे या काळात होऊ शकतं, पण मला कळलं तरच मला काही करता येईल.” पुढच्या दोन दिवसांत ताल आपोआप जागेवर आला. पारायण खुर्चीवर बसून पूर्ण केलं. जयंतीला मंडपात कडेला बसलो. उजव्या दांडीच्या मागच्या जागेला एक तरुण पोरगा उभा राहिला. पालखी उठली आणि पुढे गेली. माझ्यावाचून ती तसूभरही कलली नाही. आधी जरा वाईट वाटलं, मग हसू आलं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणतात, “धीर बिर काही नसतं हो. माणसाच्या हातात काही उरलं नाही की त्याला तो धीर म्हणतो. असहायतेचं सोवळं नाव.” या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. पण मी अनुभवाने सांगतो, त्या दोन दिवसांत मी पूर्ण असहाय होतो आणि धीर मात्र अजिबात नव्हता. दोन्ही एकच असते तर असं झालं नसतं. असहायता आपल्यावर येते. धीर धरावा लागतो. आपली भाषाच तसं सांगते.

मग धरायचं म्हणजे काय करायचं? भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतात. पहिली पृथ्वी, तुडवली, खणली तरी आपलं काम सोडत नाही. समुद्र, पावसाळ्यात नद्या आल्या म्हणून मर्यादा सोडत नाही, उन्हाळ्यात आटत नाही. अजगर, मिळेल त्यावर राहतो, न मिळालं तर पडून राहतो. या अजगराचं मला नेहमी कोडं वाटायचं, आळशी प्राण्याला गुरू कसं केलं? पण त्याच यादीत बाण करणारा कारागीर आहे, जो हातातल्या कामात इतका बुडाला की शेजारून राजाची स्वारी गेलेली त्याला कळली नाही. मला वाटतं, दोघे मिळून धडा पुरा होतो. जे माझ्या हातात नाही तिथे अजगर व्हायचं आणि जे आहे तिथे बाण करणारा. जखम भरणं माझ्या हातात नाही. गोळी वेळेवर घेणं, ठरलेलं चालणं आणि वहीत खरं लिहिणं एवढं आहे. माझी गफलत अशी झाली की मी नेमकं उलट केलं. जे हातात नव्हतं त्यावर डोळे लावून बसलो आणि जे हातात होतं त्यात लबाडी केली.

नरसोबाच्या वाडीला पावसाळ्यात गेलेल्यांनी पाहिलं असेल. कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढत जातं, उत्तरेच्या दारातून आत शिरतं, मनोहर पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्याला आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणतो आणि तिथे स्नानाला गर्दी करतो. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर नेतात आणि पूजा वर चालू राहते. २०१९ च्या महापुरात तर सगळा परिसरच पाण्यात होता. पुजारी मंडळी पाणी ढकलत बसत नाहीत. पूजाही थांबवत नाहीत. पाणी ओसरलं की गाळ काढतात, देऊळ धुतात, मूर्ती पुन्हा खाली आणतात. धीराची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

आमच्या कोलशेतला खाडी आहे. आता चहूकडे टॉवर झाले तरी गावठाणातल्या जुन्या कोळी मंडळींना पाण्याचा हिशेब तोंडपाठ. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की मुंबईच्या किनाऱ्यावरची भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता. आत खाडीत त्याहून थोडी उशिरा. बरं वाटू लागल्यावर मी सकाळी तिकडे फिरायला जाऊ लागलो. ओहोटीला होड्या चिखलात रुतून बसलेल्या दिसायच्या. कोणी ढकलत नसायचं. एक म्हातारे गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसलेले असायचे. घाई नाही, खोळंबाही नाही. पाणी आलं तेव्हा जाळं तयार असलं म्हणजे झालं.

इथे एक सावधगिरीचं सांगणं माझं कर्तव्य आहे, कारण आपल्या अंकाचे वाचक बहुतेक माझ्या वयाचे. धीर धरणं म्हणजे दुखणं अंगावर काढणं नव्हे. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, यात देवाचं नाव घेत घेत थेट रुग्णालय गाठायचं. या उपचारानंतर काही आठवड्यांत ताप आला किंवा गिळताना दुखलं तरी लगेच कळवायचं. आणि बरं वाटतंय म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. कळवणं हाही धीराचाच भाग. लपवणं मात्र अधीरपणाचा, हे मी पदरमोड करून शिकलो.

राहिला नवसाचा प्रश्न. मीही नवस बोललो होतो, नाही कशाला म्हणू. जयंतीपर्यंत बरा कर, खांदा देतो. आता विचार करतो तेव्हा वाटतं, देवाकडे मागण्यात गैर नाही. लेकराने आईबापांकडेच मागायचं. पण मी नुसतं मागितलं नव्हतं, तारीख घालून मागितलं होतं. श्रद्धेत तारीख आली की ती हुंडी होते. मुदतीत वटली नाही की माणूस देवावर रुसतो, नाहीतर स्वतःला फसवतो. मी दुसरं केलं.

माघ वद्य प्रतिपदा, गुरुप्रतिपदा. श्रीनृसिंहसरस्वतींनी गाणगापुराहून कर्दळीवनाकडे प्रयाण केलं तो दिवस. माझे तीन महिने नेमके त्याच सुमारास पुरे झाले. चोवीस तास छातीला यंत्र लावून नोंद घेतली. मधूनमधून एखादा जास्तीचा ठोका, बाकी ताल ठीक. डॉक्टर म्हणाले, “सध्या चांगलं आहे.” पूर्वी मला या ‘सध्या’चा राग आला असता. आता वाटलं, बरोबरच तर आहे. पासबुकावर जी शिल्लक छापतात ती त्या तारखेचीच असते.

घड्याळ मुलाला परत दिलं. दोन वेळा, आरतीच्या आधी, बोटांनी नाडी मोजतो आणि वहीत लिहितो. कधीकधी सौ. शेजारी येऊन बसते आणि मनगट धरून स्वतः मोजते. तिचा आकडा आणि माझा आकडा जुळला की वही मिटायची. रोकड जुळली की शाखा बंद करायचो, तसंच.

यंदा मंडळाच्या पोरांनी विचारलं, “काका, पालखीला येणार ना खांद्याला?” मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्या दिवशी पालखी निघायच्या आधी नाडी बघेन, जे असेल ते वहीत लिहीन, आणि मग ठरवेन.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥